आयोवा, ३ जानेवारी २००८ : उत्साहाचा हिशोब

गुरुवार, ३ जानेवारी २००८. अमेरिकेच्या आयोवा राज्यात संध्याकाळी सात वाजता, राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या शर्यतीत, डेमोक्रॅटिक पक्षाच्या १,७८१ प्रभागसभा एकाच वेळी सुरू झाल्या. शाळांची जेवणघरं, चर्चची तळघरं, अग्निशमन केंद्रं, वाचनालयं, जिथे जागा मिळाली तिथे. २००४ साली याच सभांना सव्वा लाखाच्या आसपास लोक आले होते. या खेपेला दीड लाख येतील असा सर्वसाधारण होरा होता. आले सुमारे २ लाख ३९ हजार.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी याला आशेची लाट म्हटलं. शब्द चुकीचा नाही, पण लाट म्हटली की ती आपोआप येते आणि किनाऱ्यावर सगळीकडे सारखी आदळते असं वाटतं. आयोवाचे नियम असे होते की लाट एका जागी कितीही उंच उठली तरी तिचं मोल ठरलेल्या मापाच्या वर जाणार नव्हतं. बराक ओबामांच्या माणसांनी हे माप आधी समजून घेतलं आणि उत्साह त्याप्रमाणे राज्यभर पातळ पसरवला. हे कसं झालं ते समजायला आधी त्या खोलीत शिरायला हवं.

खोलीत काय चालायचं

आयोवाच्या कॉकसमध्ये, म्हणजे या प्रभागसभांमध्ये, डेमोक्रॅट मतपत्रिकेवर शिक्का मारत नसत. माणूस आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभा राही. भिंतीवर चिकटपट्टीने फलक लावलेले असत, त्यांच्याखाली गट जमत. शेजारी, दुकानदार, मुलांचे शिक्षक, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. ग्रामसभेत हात वर करताना आधी कोण बघतंय याचा अंदाज घेणाऱ्या माणसाला यातली अडचण वेगळी सांगायला नको.

२००८ सालचे नियम असे: सातच्या आत रांगेत असाल तर आत प्रवेश. नाव मतदारयादीत नसेल तर दारातच नोंदणी करता येते, दुसऱ्या पक्षात नोंद असेल तर तिथेच बदलता येते. सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण करणार असेल तर त्यांनाही उभं राहता येतं. मग सभाध्यक्ष निवडायचा, पक्षासाठी वर्गणीचं पाकीट फिरवायचं, डोकी मोजायची. मोजणी अगदी शाळेसारखी: हात वर, एक म्हणा, हात खाली, पुढचा दोन म्हणतो.

प्रत्येक प्रभागाला काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पक्ष-अधिवेशनासाठी किती प्रतिनिधी पाठवायचे हे आधीच ठरलेलं असे. त्या भागात मागच्या निवडणुकांत पक्षाला किती मतं पडली त्यावरून. त्या रात्री किती लोक येतात याचा त्या आकड्याशी काहीही संबंध नव्हता. सगळी मेख इथेच होती.

चार किंवा जास्त प्रतिनिधी असतील तर गट टिकायला हजर लोकांच्या १५ टक्के लागतात. तीन प्रतिनिधी असतील तर सहावा हिस्सा, दोन असतील तर चौथा. ज्यांचा गट उंबरठ्याखाली राहतो त्यांनी दुसऱ्या फेरीत दुसरीकडे जायचं, आपसांत एकत्र यायचं, किंवा कोट चढवून घरी जायचं.

एक नमुना खोली घेऊ. आकडे समजण्यापुरते मांडले आहेत, रीत मात्र खरी. सहा प्रतिनिधी, हजर १८६. पंधरा टक्के म्हणजे २७.९, म्हणून उंबरठा २८. पहिल्या फेरीत ओबामा ७२, हिलरी क्लिंटन ४६, जॉन एडवर्ड्स ४१, बिल रिचर्डसन १७, जो बायडन १०. रिचर्डसन आणि बायडन यांचे लोक एकत्र आले तरी २७, एकाने कमी! अशा वेळी मुरलेला गटप्रमुख आपल्याकडचा एखादा माणूस उसना देऊन त्यांचा गट उभा करतो, म्हणजे एक प्रतिनिधी मुख्य प्रतिस्पर्ध्याऐवजी तिसऱ्याच्याच पदरात पडतो. आपल्या खोलीत तसं झालं नाही असं धरू. रिचर्डसनचे ९ ओबामांकडे आणि ७ एडवर्ड्सकडे गेले, एक घरी गेला. बायडनचे ५ ओबामांकडे, २ एडवर्ड्सकडे, २ क्लिंटनकडे, एक घरी. आता ओबामा ८६, एडवर्ड्स ५०, क्लिंटन ४८.

सूत्र असं: गटातली माणसं गुणिले प्रतिनिधी, भागिले एकूण हजेरी. मधेच कुणी उठून गेलं तरी भाजक १८६ च राहतो. ओबामा २.७७, एडवर्ड्स १.६१, क्लिंटन १.५५. जवळचा पूर्णांक घेतला तर ३, २, २, बेरीज सात. पण प्रतिनिधी सहाच. वर चढवलेल्यांत ज्याचा अपूर्णांक सर्वांत लहान त्याचा एक जातो, म्हणजे क्लिंटन यांचा. निकाल ३, २, १. दोन माणसांच्या फरकाने एकाला दुसऱ्याच्या दुप्पट मिळालं.

आता समजा, याच खोलीत ओबामांचे आणखी तीस लोक आले. हजेरी २१६, उंबरठा ३३, बाकी हालचाल तशीच. ओबामा ११६, म्हणजे ३.२२. एडवर्ड्स १.३९, क्लिंटन १.३३. पूर्णांक ३, १, १, बेरीज पाच, एक कमी. उरलेली जागा सर्वांत मोठा अपूर्णांक असलेल्याला, म्हणजे एडवर्ड्सना. पुन्हा ३, २, १. तीस माणसं थंडीत बाहेर पडली, दोन तास उभी राहिली, आणि फळ्यावरचा एकही आकडा हलला नाही. तीच तीस माणसं पाच-पाच करून सहा लहान प्रभागांत असती तर कुठेतरी अपूर्णांक अर्ध्याच्या वर सरकून एकदोन प्रतिनिधी पदरात पडले असते.

डीन यांचं उदाहरण समोर होतं

नुसत्या उत्साहाचं काय होतं ते आयोवाने चारच वर्षांपूर्वी पाहिलं होतं. २००४ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीत उतरलेल्या हॉवर्ड डीन यांच्याकडे इंटरनेटवरून गोळा केलेला पैसा होता, इराक युद्धाविरुद्धचा राग होता आणि शेवटच्या आठवड्यांत देशभरातून आलेले हजारो कार्यकर्ते होते. त्यांच्या डोक्यावर नारिंगी टोप्या. आयोवातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या दारात टेक्सासचा किंवा न्यूयॉर्कचा पोरगा उभा राहून कुणाला पाठिंबा द्यावा हे सांगतोय, असं ते दृश्य होतं. डीन तिसरे आले, १८ टक्क्यांवर. जॉन केरी ३८, एडवर्ड्स ३२.

बाहेरचे कार्यकर्ते दारं ठोठावू शकतात, पण त्या खोलीत उभे राहू शकत नाहीत. आणि दुसऱ्या फेरीत 'आमच्याकडे या' म्हणायला ओळखीचाच माणूस लागतो. ओबामांच्या आयोवा मोहिमेचे प्रमुख पॉल ट्यूज यांनी २००७ च्या वसंतापासून जी बांधणी केली तिचा पाया हाच होता: प्रत्येक प्रभागात तिथलाच राहणारा एक गटप्रमुख. राज्यभर तिसाहून जास्त कार्यालयं उघडली, त्यातली बरीचशी अशा गावांत जिथे डेमोक्रॅटिक उमेदवार सहसा फिरकतही नसत. पगारी संघटकाचं काम मतं मागणं कमी आणि गटप्रमुख शोधणं जास्त.

गटप्रमुखाच्या हातात काय असे? प्रभागाची यादी, प्रत्येक नावापुढे एक ते पाच आकडा: एक म्हणजे पक्का आपला, तीन म्हणजे कुंपणावर, पाच म्हणजे पक्का दुसऱ्याचा. एक आकड्याच्या माणसाकडून सही केलेलं पाठिंब्याचं कार्ड, कारण तोंडी 'हो' थंडीत विरघळतं. कुणाला गाडी लागेल, कुणाच्या लेकरांना संध्याकाळी सांभाळायला कुणी हवं, याची टिपणं. आणि सगळ्यांत मोलाचा रकाना: दुसरी पसंती. रिचर्डसनवाल्या शेजारणीला आधीच विचारून ठेवलं असेल की 'तुमचा गट नाही टिकला तर?', तर दुसऱ्या फेरीत खोलीभर धावाधाव करावी लागत नाही. लुटुपुटीची कॉकस भरवून हे सगळं घोटून घेतलं जाई. पहिल्यांदा येणाऱ्याला सगळ्यात मोठी भीती चारचौघांत हसं होण्याची असते, ती अशा सरावाने जाते.

प्रचारसभांतला उत्साहही असाच कामाला जुंपला. डिसेंबरात टीव्हीवरच्या प्रसिद्ध सूत्रसंचालिका ओप्रा विन्फ्री ओबामांच्या प्रचारासाठी आयोवात आल्या आणि लगेच दक्षिण कॅरोलिनातही गेल्या. तिथल्या कोलंबिया शहरातल्या स्टेडियमवर जमलेल्या हजारोंना चार-चार मतदारांची नावं आणि नंबर देऊन तिथल्या तिथे फोन करायला लावलं. टाळ्या वाजवायला आलेला माणूस जाताना चार फोन करून गेला.

क्लिंटन यांची मोहीम आळशी नव्हती, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. टेरेसा व्हिलमेन यांच्यासारखी आयोवाची नस ओळखणारी संघटक त्यांच्याकडे होती. पण सुरुवात उशिराची आणि अर्धवट मनाची. २००७ च्या मे महिन्यात त्यांच्याच उपव्यवस्थापकाचं एक टिपण फुटलं होतं, ज्यात आयोवा सोडून द्यावं असा सल्ला होता. शिवाय त्यांचा पाठीराखा वयाने मोठा. रात्री बर्फातून गाडी काढायची कशी हा त्याचा खरा प्रश्न, म्हणून मोहिमेने बर्फ उपसायची फावडी वाटली. यावर तेव्हा विनोद झाले, पण आमच्या मते ती फावडी अत्यंत शहाणपणाची होती. मतदार का येणार नाही याचं उत्तर इतकं नेमकं क्वचितच कुणी शोधतं.

तारीख, सुट्टी आणि विद्यार्थी

फ्लोरिडा आणि मिशिगन या राज्यांनी आपल्या तारखा अलीकडे ओढल्यामुळे, सर्वांत आधी राहायचं म्हणून आयोवाला इतकी लवकरची तारीख घ्यावी लागली. जानेवारीची तिसरी म्हणजे महाविद्यालयं बंद. ओबामांचा तरुण मतदार वसतिगृहात नसणार, त्यामुळे त्यांचं नुकसान होणार, असं अनेक जाणकारांनी लिहिलं. वरचं गणित पुन्हा पाहा. आयोवा सिटी आणि एम्स ही विद्यापीठांची गावं (एम्स म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर जिथे शिकले ते, मराठी वाचकाला तेवढी ओळख पुरे). सत्र चालू असतं तर हजारो मुलं या दोन गावांतल्या मोजक्या प्रभागांत दाटली असती, आणि आपल्या नमुना खोलीतल्या त्या तीस जणांसारखी वाया गेली असती. सुट्टीमुळे ती आपापल्या आईवडिलांच्या गावी होती, ९९ काउंट्यांत विखुरलेली. चाळीस माणसांच्या सभेत तीन पोरं वाढली तर अपूर्णांक हलतो.

अंदाज का चुकले

३१ डिसेंबरच्या रात्री 'डे मॉइन रजिस्टर' या आयोवातल्या वर्तमानपत्राची शेवटची जनमत चाचणी बाहेर आली: ओबामा ३२, क्लिंटन २५, एडवर्ड्स २४. तीत येणाऱ्यांपैकी ६० टक्के पहिल्यांदाच येणारे आणि ४० टक्के स्वतःला अपक्ष म्हणवणारे दिसत होते. क्लिंटन आणि एडवर्ड्स यांच्या लोकांनी ही चाचणी उडवून लावली: असं कधी झालेलं नाही. खरंच कधी झालेलं नव्हतं. बाकीच्या बऱ्याच संस्था मागच्या खेपेला कोण आलं यावरून या खेपेला कोण येईल हे ठरवत होत्या. 'रजिस्टर'ची चाचणी घेणाऱ्या ॲन सेल्झर यांनी लोकांनाच विचारलं की येणार का, आणि उत्तराला हात लावला नाही. जुन्या हजेरीची चाळणी लावली की पहिल्यांदा येणारा माणूस भोकातून खाली पडतो, आणि नवा उत्साह म्हणजे मुख्यतः पहिल्यांदा येणारा माणूसच.

दारावरच्या पाहणीत पहिल्यांदा आलेले ५७ टक्के निघाले. त्यांच्यातले ४१ टक्के ओबामांचे. एकूण हजेरीत तिशीच्या आतले २२ टक्के, आणि पासष्टीच्या वरचेही नेमके तेवढेच. २००४ मध्ये तिशीच्या आतले १७ टक्के होते. १७ वरून २२ हा फरक लहान वाटतो, पण एकूण हजेरी दुपटीच्या जवळ गेली होती. म्हणजे तरुण साधारण २१ हजारांवरून ५२ हजारांवर गेले. टक्केवारी वाचणाऱ्यांच्या हातून हे नेहमी निसटतं.

निकाल: ओबामा ३७.६, एडवर्ड्स २९.७, क्लिंटन २९.५. हे लोकांचे टक्के नाहीत. प्रभागांनी निवडलेल्या प्रतिनिधींची राज्य अधिवेशनाच्या २,५०० प्रतिनिधींशी केलेली ती बरोबरी आहे. त्या खोल्यांत प्रत्यक्ष किती माणसं कुणाच्या कोपऱ्यात उभी होती तो आकडा पक्षाने तेव्हा जाहीर करण्याची पद्धतच नव्हती. दारावरच्या पाहणीत लोक आत शिरताना विचारलं तेव्हा एडवर्ड्स क्लिंटन यांच्या बरेच मागे होते. खोलीतून बाहेर येताना ते पुसटसे पुढे. एडवर्ड्स यांची माणसं २००४ पासूनची, ग्रामीण प्रभागांत पसरलेली, आणि अनेकांची दुसरी पसंती. उत्साहाच्या बाबतीत तिघांत ते तिसरे असतील, पण पसरण्यात मुरलेले.

त्या रात्री अडचणी आल्या त्या गर्दीच्याच. दीड लाखाच्या हिशोबाने ठरवलेल्या खोल्यांत लोक मावेनात. दाराशी नोंदणीची रांग जिन्यापर्यंत, नोंदणीचे कोरे अर्ज कमी, स्वयंसेवक दोन आणि नवे लोक दोनशे. मोजणी पुन्हा, परत पुन्हा. गर्दीत गट एकमेकांत मिसळतात, कुणी स्वच्छतागृहात गेलेलं असतं, आकडा एकूण हजेरीशी जुळत नाही. लहान मूल रडायला लागलं की दुसऱ्या फेरीआधीच एक आई निघून जाते, आणि वर पाहिलं तसं एकदोन माणसांवर एक प्रतिनिधी अडकलेला असतो. ज्यांची रात्रपाळी आहे, जे अंथरुणाला खिळलेत, जे सैन्यात परदेशी आहेत त्यांना यात जागाच नव्हती. टपाली मताची सोय नव्हती. उत्साहाचं इतकं कौतुक झालेल्या त्या रात्री पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांपैकी निम्म्याहून जास्त लोक घरीच होते, हेही लक्षात ठेवावं.

आयोवानंतर

पाच दिवसांनी न्यू हॅम्पशायर. तिथे कॉकस नाही, गुप्त मतदानाची प्रायमरी. जवळजवळ सगळ्या चाचण्यांत ओबामा पुढे. जिंकल्या क्लिंटन, ३९ विरुद्ध ३६ टक्क्यांच्या आसपास. आयोवात बायकांची मतं ओबामांना किंचित जास्त होती, इथे क्लिंटन यांना स्पष्ट आघाडी. अपक्षांना इथे रिपब्लिकन मतपत्रिकाही घेता येते आणि पलीकडे रिपब्लिकनांत अपक्षांना आवडणारे जॉन मॅकेन होते. दिवसभर मतदान, दोन मिनिटांत काम: अशा ठिकाणी कडेकडेचा, कमी उत्साही मतदारही येतो. कॉकस उत्साहाला वजन देते, प्रायमरी देत नाही.

याचा स्वच्छ पुरावा वॉशिंग्टन राज्यात मिळाला, कारण तिथे दोन्ही झालं. ९ फेब्रुवारीच्या कॉकसमध्ये ओबामा ६८, क्लिंटन ३१. दहा दिवसांनी त्याच राज्यात, प्रतिनिधी न देणाऱ्या प्रायमरीत ५१ विरुद्ध ४६. राज्य तेच, उमेदवार तेच, महिनाही तोच. ओबामांच्या मोहिमेने हे आधीच ओळखून ५ फेब्रुवारीच्या लहान कॉकस राज्यांत माणसं पेरली होती. आयडाहोत एकूण २१ हजारांच्या आसपास लोक आले आणि पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाचे प्रतिनिधी वाटले गेले १५ विरुद्ध ३, म्हणजे ओबामांना बाराची आघाडी. त्याच दिवशी न्यू जर्सीत अकरा लाखांवर मतं पडली आणि क्लिंटन यांना आघाडी मिळाली अकराची.

आयोवाचा सर्वांत मोठा परिणाम मात्र आयोवाबाहेर, मनांवर झाला. या राज्यात तेव्हा दहातले नऊ जण गोरे होते. दक्षिण कॅरोलिनातल्या अनेक कृष्णवर्णीय मतदारांना ओबामा आवडत होते, पण गोरे लोक यांना मत देतील का ही शंका होती, आणि मत फुकट घालवायची त्यांची तयारी नव्हती. ३ जानेवारीने त्या शंकेला आकड्यांत उत्तर दिलं. २६ जानेवारीला तिथे ओबामांना ५५ टक्के, क्लिंटन यांना २७. हजेरी पाच लाखांच्या वर, आधीच्या खेपेपेक्षा कितीतरी जास्त. आशा नव्हती असं नाही. ती जिंकू शकते याचा पुरावा हवा होता.

आणि आयोवातलं काम तेव्हाही संपलेलं नव्हतं. प्रभागातून निवडलेले प्रतिनिधी १५ मार्चला, शनिवारी, काउंटी अधिवेशनाला प्रत्यक्ष हजर राहिले तरच त्यांची जागा टिकणार होती. एडवर्ड्स ३० जानेवारीलाच बाहेर पडले होते, त्यांचे प्रतिनिधी मोकळे. जानेवारीच्या त्या रात्री टाळ्यांच्या गजरात निवडून आलेले काही जण मार्चमधल्या शनिवारी येत नाहीत: मुलीची स्पर्धा, डुकरांच्या गोठ्यातलं काम, साधा कंटाळा. मग राखीव प्रतिनिधीला बसवतात, तोही नसेल तर जागा रिकामी. म्हणून ओबामांचे गटप्रमुख मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा त्याच याद्या काढून बसले आणि त्याच माणसांना फोन लावले: शनिवारी सकाळी गाडी पाठवू का?